अडीच घरांची उडी

प्रताप नगरात सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलंच नाही. बुद्धिबळ खेळताना सोंगटी उचलण्याआधी ते अंगठा सदऱ्याला पुसायचे, आणि माझा उंट मारला तरी "चाल गा, बस झालं" असं त्याला समजावून बाजूला ठेवायचे.

घरोघर टीव्ही यायचे होते तेव्हा. एका रविवारी आमच्या मंडळानं दिवसभर कॅरम, सारीपाट आणि बुद्धिबळाचे सामने ठेवले. बुद्धिबळाच्या शेवटच्या डावात मिस्त्री माझ्यासमोर आले. मी हरत होतो आणि आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेवढ्यात मिस्त्रींनी राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे ठेवला.

"हे चालत नाही," मी म्हणालो.

"काहून गा भाऊ? याले अजून एकही शह लागला नाही. एक उडी त्याच्या हक्काची हाये."

लहानपणी मीही तसाच खेळलो होतो. तरी पंचांना हाक मारली. पंचांनी छापील नियम दाखवला: उडी नाही, पण हात लावला तो राजाच हलवायचा. मिस्त्रींनी तो एक घर सरकवला, आणि तिसऱ्या चालीला मी जिंकलो. स्टीलचा डबा मिळाला.

मिस्त्रींनी पट पुन्हा मांडला. "आता आपल्या रीतीनं."

त्या डावात त्यांचा राजा उडाला आणि मी साफ हरलो. सौभाग्यवतींनी दोन्ही डाव पाहिले.

हल्ली मुलीशी खेळताना मी राजा उडवतो. "बाबा, असं चालत नाही," ती म्हणते.

"काहून नाही वं?" मी विचारतो, आणि अंगठा सदऱ्याला पुसतो.