सासुरवाडीचा वळसा

"थांबा म्हणतो ना! एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई कुणी!"

सासरे भर रस्त्यात उभे होते. पाठीमागे आडवी लावलेली बैलगाडी, हातात कणसासकट ज्वारीचं ताट, आणि आवाज असा की कालव्याच्या पलीकडच्या शिवारातले बगळे उडून थेट सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊन बसले असावेत. त्यांच्या पुढ्यात आमच्या वसमतच्या मॅरेथॉनचे पहिले छत्तीस धावपटू. बहुतेक सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. थांबली होती, पण पाय जागच्या जागी चालूच होते, जसं डिझेल इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ धडधडत राहतं.

सदतिसावा मी. मला पाहताच सासऱ्यांचा आवाज निम्म्यावर आला.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "आता निवांत बसा. आज तुमच्या पुढं कुणी जात न्हाई."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हे असं का झालं ते समजायला आमच्या मॅरेथॉनचा इतिहास माहीत पाहिजे. तो मीच सांगतो, कारण बाकीचे सगळे वाढवून सांगतात.

आमच्या गावातले एक डॉक्टर एकदा मुंबईला जाऊन पळून आले. म्हणजे मॅरेथॉन पळून आले. गळ्यात मेडल घालून त्यांनी आठ दिवस पेशंट तपासले. स्टेथोस्कोप आणि मेडल एकमेकांत अडकायचं, आणि छातीत घरघर कुणाची आहे ते दोघांनाही कळायचं नाही. नवव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की वसमतमध्येही मॅरेथॉन होणार. कमिटी बसली. मी शाळेत मास्तर, मैदानावर चुन्याची फक्की मारायचा अनुभव, म्हणून मलाही घेतलं.

पहिल्या वर्षीचा मार्ग गावातल्या गावात होता. एसटी स्टँडपासून मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, आणि परत, अशा सात फेऱ्या. चूक अशी झाली की मार्ग सगळ्यांच्या घरावरून जात होता. पहिल्या फेरीला दोनशे माणसं पळाली. दुसऱ्या फेरीला शंभर, कारण उरलेल्यांना आंघोळीचं पाणी तापल्याचं घरून ओरडून कळवलं गेलं. सातव्या फेरीला डॉक्टर एकटेच पळत होते आणि एक पेशंट रिपोर्ट घेऊन त्यांच्या शेजारून सायकल चालवत होता.

दुसऱ्या वर्षी मार्ग मोठ्या रस्त्यावर नेला. तो दिवस कारखान्याच्या गाळपाच्या हंगामातला. आमच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. पळता पळता एकानं एक ऊस ओढला, मग दुसऱ्यानं. पहिला नंबर आलेल्याच्या हातात पाच हात लांब ऊस होता आणि फीत त्यानं छातीनं नाही, उसानं तोडली. डॉक्टर म्हणाले, हे खेळाला शोभत नाही. तिसऱ्या वर्षी मार्ग खेड्याकडे वळवायचा ठरला.

खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते हे आम्हाला तोपर्यंत कळलेलं होतं. पण निम्म्यानंच आमची जीभ बाहेर येत होती, म्हणून एकवीसच ठेवले, आणि तिला अर्धी म्हणायचं नाही असा ठराव केला. अर्ध्या कामाला वसमतमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही.

मार्ग मोजायला डॉक्टरांची मोटरसायकल निघाली, मागे मी. मीटरच्या काट्याकडे पाहणं माझं काम. मोंढा गेला, कालव्याचा पूल गेला, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली हळद सुरू झाली. आता इथं माझी एक बारीकशी कबुली आहे. काटा कधीच बंद पडला होता. मी ते सांगितलं नाही, कारण गाडी माझ्या सासुरवाडीच्या दिशेनं निघाली होती आणि मला चहाची तलफ आली होती. नेमकं गावातल्या पारापाशी पेट्रोल संपलं. मी म्हणालो, "डॉक्टर, बरोबर साडेदहा किलोमीटर." डॉक्टरांनी पाराला फक्कीनं गोल मारला आणि आम्ही सासऱ्यांच्या ओसरीवर चहा प्यायला बसलो. वसमतच्या मॅरेथॉनचं वळण असं ठरलं. पुढे कुणीतरी मोबाईलवर मोजून पाहिलं, तर खरोखर साडेदहाच भरलं. तेव्हापासून कमिटीत माझ्या शब्दाला वजन आहे.

पण त्या चहाची फेड मी चार वर्षं करत होतो.

नियम असा की तीन तासांच्या आत जो परत एसटी स्टँडला पोचेल त्याला मेडल. मला पावणेतीन तास लागतात. माझा मुलगा सव्वातीन म्हणतो, पण तो आईच्या बाजूचा आहे. म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी. आणि बरोबर मधोमध सासुरवाडी. जावई दारावरून पळत जातो आणि चहा न पिता जातो, हे त्या गावाला आजवर पाहायला मिळालेलं नव्हतं आणि सासऱ्यांना दाखवायचंही नव्हतं. या मार्गाच्या पहिल्या वर्षी चहा झाला. दुसऱ्या वर्षी पोहे आणि चहा. तिसऱ्या वर्षी टॉवेल-टोपी, नारळ आणि शेजारच्या तीन घरी चहा. परतीचे साडेदहा किलोमीटर मी नारळ काखेत धरून पळालो. चौथ्या वर्षी ते म्हणाले, घटकाभर पडा. मी पडलो. उठलो तेव्हा डॉक्टरांचा मंडप सोडून झाला होता.

इकडे घरी बायकोनं त्या पहिल्याच वर्षी दर्शनी भिंतीला मेडलसाठी खिळा ठोकून ठेवला होता. चार वर्षं त्यावर पिठाची चाळणी लटकत होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बैठकीत चाळणी काहून?" आणि बायको सांगायची, "यांच्या मेडलची जागा धरून ठेवली." शाळेत तर मधल्या सुट्टीत पोरं मला पाहिलं की एकमेकांना "चहा घ्या, चहा घ्या" म्हणायची. वयाची सेहेचाळीस वर्षं उलटली होती. गुडघा कुरकुरायला लागला होता. या वर्षी नाही तर चाळणी कायमची.

म्हणून मी बायकोला हाताशी धरलं. तिनं आदल्या आठवड्यात वडिलांना फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"बाबा, यंदा यांना थांबवू नका."

"काहून?"

"हे खात बसतेत, अन् बाकीचे पुढं निघून जातेत."

 मग सासरे म्हणाले, "म्हणजे बाकीचे पुढं जातेत, ही तकलीफ आहे का?"

"व्हय."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'वर मी आठ दिवस गाढ झोपलो. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला नाही. त्यांनी हाही मोडला नाही. बाकीचे पुढं जातात ना? मग बाकीचे जाणार नाहीत.

बैलगाडीच्या अलीकडे, पाराच्या अंगणात, हळद वाळवायच्या ताडपत्र्या ओळीनं अंथरल्या होत्या. आगटीत कणसं भाजत होती. गावातल्या बाया गरम कणसं चोळून हुरडा पाखडत होत्या. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळं मांडून तयार.

पोलीस भरतीच्या पोरांनी थोडा प्रयत्न केला. एक जण म्हणाला, "बाबा, रेस हाय."

"कोणत्या गावचा तू?"

"आखाडा बाळापूर."

"बाळापूरचा? मग तर सोयराच निघला. बस."

दुसरा परभणीकडचा होता. त्याचा चुलता सासऱ्यांच्या बैलाचा ओळखीचा निघाला. तिसऱ्याला विचारण्याआधीच तो बसला. पाच मिनिटांत अख्खी मॅरेथॉन मांडी घालून ताडपत्रीवर आली. मागून येईल त्याला हात धुवायला पाणी मिळायचं आणि पंगत एका माणसानं लांबायची.

आता हुरडा काही घाईनं खायचा पदार्थ नाही. पोहे चार घासांत संपवता येतात. हुरडा मूठभर येतो, तो संपेपर्यंत पुढची मूठ भाजत असते, आणि ती आपल्याच नावानं भाजत असते. शिवाय पंगतीतून मध्येच कुणी उठायचं नाही, शेवटचा जेवल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आमच्या मॅरेथॉनमधला शेवटचा म्हणजे एक रिटायर्ड पोस्टमास्तर. ते पळत नाहीतच. ते गळ्यात नंबर अडकवून वाटेतली ओळखीची घरं घेत येतात.

मागून जीप आली. त्यातून डॉक्टर उतरले. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, चेहरा लाल.

"हे काय चाललंय? सर, तुम्ही कमिटीत आहात ना?"

माझ्या तोंडात हुरडा होता. मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरसाहेब," सासरे हात जोडून म्हणाले, "लेकरं उपाशीपोटी पळून राहिली. तुमीच सांगता ना, सकाळी पोटात काही पाहिजे म्हणून?"

"अहो, घड्याळ चालू आहे."

"मग बंद करा की."

"ते बंद करता येत नाही."

"आमच्याकडं पण तसंच हाय," सासरे आगटीकडे बघत म्हणाले. "हे एकदा पेटलं की बंद करता येत न्हाई. बसा."

डॉक्टर बसले. स्टॉपवॉच ताटलीशेजारी ठेवलं. ते टिकटिक करत होतं आणि डॉक्टर दही मागत होते. मी मान वाकडी करकरून आकडे वाचत होतो. एक तास चाळीस. एक तास पंचेचाळीस. अजूनही आत्ता उठलो आणि गुडघ्यानं साथ दिली तर तीन तासांत स्टँड गाठता येईल, असा हिशेब मी दर मुठीला करत होतो. पोस्टमास्तरांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. माझ्या मेव्हण्याची पोरगी, म्हणजे सासऱ्यांची सख्खी नात. कॉलेजसाठी आमच्याकडेच वसमतला राहते, भरतीची तयारी करते, आणि शाळेत मी शिकवल्यामुळे मला सरच म्हणते. त्या सकाळी ती उशिरा उठून सगळ्यांच्या मागून अर्ध्या तासानं सुटली होती. बैलगाडीची दांडी आणि पाराची भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. बाकी कुणाला ती दिसलीही नसती. ती लहानपणापासून त्या भिंतीवर खेळलेली. आडवी होऊन ती फटीतून सुर्रकन निघाली, पाराला वळसा घातला आणि पंगतीच्या कडेनं परतीला लागली. पळता पळता म्हणाली, "सर, दही घ्या ना अजून."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. बगळे उडवणारा तो आवाज आता कुठं गेला होता कोण जाणे. ते पाठ करून आगटीत काहीतरी हुडकत होते. राखेत काय हरवलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पोस्टमास्तर दोन तास दहा मिनिटांनी आले. त्यांनी हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली आणि विचारलं, "गूळ हाय का?"

परतीचं काय सांगू. शंभर माणसं पोटाला हात लावून चालत होती. ताडपत्रीची हळद लागून सगळ्यांची बुडं पिवळी झाली होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या मोठ्या लग्नातले शंभर नवरदेव एकदम पळून आलेत आणि आता पस्तावून परत निघालेत. मी स्टँडवर पोचलो तेव्हा चार तास होऊन गेले होते. पेटीभर मेडलांतून एकच बाहेर निघालं होतं, आणि ते पोरीच्या गळ्यात होतं.

संध्याकाळी ती बैठकीत आली. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सर, हा खिळा रिकामाच हाय ना?"

बायकोनं चाळणी काढून स्वयंपाकघरात नेली. खिळ्यावर मेडल चढलं. येणारा प्रत्येक जण आता मला हात मिळवून अभिनंदन करतो, आणि मी अजून तरी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही.

पण राखेचं कोडं डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी सासुरवाडीला गेलो. बसनं. सासरे त्याच ताडपत्र्यांवर हळद परतत होते. चहा आला, तो मी प्यालो, आणि मग विचारलं, "मामा, तुमी डॉक्टरला बसवलं, पोस्टमास्तरची वाट बघितली, बाळापूरच्या पोराशी सोयरीक काढली. मग आपल्या पोरीला तेवढं काहून न्हाई थांबवलं?"

त्यांनी हळदीचा एक थर पुरता परतला, दाताळं भिंतीला टेकवलं.

"घरच्या लेकराला आग्रह करत नसतेत," ते म्हणाले.