डक्टमधून आलेली हाक

अनया आणि ईशान,

वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की तुमची ही आजी "पुरावा काय?" एवढंच विचारायची आणि इंग्रजीचा धडा पुढं चालू करायची. माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचलं तर हसतील. तरी लिहिते, कारण फोनवर सांगितलं तर तुमचे बाबा म्हणतील, "आई, तू आता एकटी राहू नकोस," आणि विषय तिथंच संपेल.

धाराशिवच्या जुन्या बाजारपेठेतली आपली गल्ली तुम्हाला आठवत नसेल. आपल्या आणि शेजारच्या सोनाबाईंच्या घराची भिंत एकच होती. स्वयंपाकघरात त्या भिंतीला आरपार देवळी होती, हात घातला की पलीकडे पोचायचा. सोनाबाई एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. दूध निवलं की त्यांची हाक यायची, "बाई, विरजण हाय का वो?" मी न बघताच वाटी पुढं करायची. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हा आमच्या गल्लीचा नेम, आणि या बरोब्बर दिवेलागणीच्या तोंडावर मागायच्या.

"जरा लवकर मागत जा की," मी चिडायची.

"मग तुमची धावपळ कशी बघायला मिळंल?"

पुढं गल्लीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, सोनाबाईंनीही. घरं पडली, तिथं टॉवर उभा राहिला. चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले – मला पाचवा मजला, त्यांना अगदी वरचा. किल्ली घेऊन त्या वर गेल्या, बाल्कनीतून खाली पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"बाई, हितनं हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल वो?"

फ्लॅटला कुलूप लावून त्या जळकोटला भाच्याकडं गेल्या, आणि तिथं त्यांनी अन्न सोडलं. रुसवा नाही, हट्ट नाही. डॉक्टरांनाही काही सापडेना. भाच्याची बायको रेखा फोनवर रडायची, "मावशी चहासुदिक घेईनात. असंच चाललं तर हाती लागायच्या न्हाईत, बाई."

त्या संध्याकाळी मी मेथी निवडत होते. या नव्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. पाइप, कबुतरं, खाली काळोख. बाहेरचा उजेड सरत आला होता... आणि हाक आली.

"बाई, विरजण हाय का वो?"

मी दचकले नाही. दिवे लागायच्या आत द्यायला हवं, एवढंच डोक्यात आलं. वाटीत दही घातलं आणि मेथीकडं बघतच हात खिडकीबाहेर काढला. वाटी पडली नाही... कुणीतरी ती माझ्या हातातून घेतली.

मग भानावर आले. पाचवा मजला! खाली जाऊन वॉचमनला डक्टचं दार उघडायला लावलं. टॉर्च घेऊन मी स्वतः पाहिलं. पिसं, सिमेंटच्या खपल्या. वाटी नव्हती.

"मॅडम, स्टीलची वाटी पडली असती तर मला आवाज आला नसता का? मी हितंच बसलोय," वॉचमन म्हणाला.

सकाळी रेखाचा फोन आला. "बाई, मावशी दहीभात जेवल्या! काल मी रानातनं आले तर उशाशी विरजणाची वाटी होती. दूध मागून घेतलं, स्वतःच्या हातानं लावलं. तुमी कुणाच्या हाती पाठवलंत वो?"

मी फोन ठेवला. ताजं दही डब्यात घेऊन मिळाली ती एसटी धरली आणि तुळजापूर, नळदुर्ग करत जळकोटला पोचले. सोनाबाई खाटेवर पडल्या होत्या, इतक्या वाळलेल्या की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटेना. उशाशी वाटी होती आणि तिच्या काठावर तुमच्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं.

मी डबा उघडला. त्यांनी तोंड फिरवलं.

"ह्ये नगं. काल दिलंत तसं द्या."

"काल मी कसं दिलं, सोनाबाई?"

ढ मुलाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कसं म्हंजे? भिंतीतनं."

रेखानं मला बाजूला घेतलं. "कसंबी करा, पर त्यांना पायजे तसं द्या."

त्याच दिवशी मी परत आले. त्यानंतर रोज ऊन उतरलं की वाटीत दही घेऊन खिडकीशी बसायची, हात बाहेर धरून, वाटीवर डोळे लावून. हाक येत नव्हती. हात भरून यायचा. खालून कुणाच्या मिक्सरचा, कुणाच्या टीव्हीचा आवाज यायचा. एकेका फ्लॅटमध्ये दिवे लागत जायचे आणि मी भरली वाटी तशीच आत घ्यायची. एकदा मीच डक्टमध्ये तोंड घालून हाक मारली, "सोनाबाई, विरजण न्या हो!" वरच्या कुणीतरी खिडकी लावून घेतली.

सोनाबाईंनी पुन्हा अन्नाला तोंड लावलं नाही. एका सकाळी रेखाचा फोन आला. ती नुसतीच रडत राहिली आणि मला कळलं.

वाटी जळकोटला कशी पोचली, हे मला आजही सांगता येत नाही. ईशान, तू इंजिनिअर आहेस, तू काहीतरी कारण शोधशील, तेही मी मान्य करीन. पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. एकदा हात पोचला होता. त्यांना खायचं होतं, मी रोज वाटी घेऊन बसले होते... मग मधे काय आलं?