जपान लावणारा

धामणगावात माझ्या मेडिकलसमोर त्याचं मोबाइलचं दुकान आहे. खेड्यांवरचे लोक त्याच्याकडून मेमरी कार्डात गाणी भरून नेतात, म्हणून बाहेरचा स्पीकर दिवसभर ठणाणत असतो. बोलायच्या आधी तो "ऐका ना भाऊ" म्हणतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो.

स्मशानाचा रस्ता आमच्या दुकानांवरून जातो. मयत आली की सगळे अर्धं शटर ओढून गाणी बंद करतात. हा मात्र कुणाच्या तरी कार्डातून उतरवलेला एक जपानी अल्बम हळू आवाजात लावतो. त्यात गाणं नाही, ठेका नाही. हौदात थेंब पडावा तसा यंत्राचा एकेक सूर येतो, आणि पुढचा येईपर्यंत खांदेकरी दुकान ओलांडून गेलेले असतात. मयत वळली की पुन्हा ठणाणा सुरू.

पहिल्यांदा मी चिडलोच. "काहून लावतो रे हे?"

"ऐका ना भाऊ... गाणं वाजवलं तं बरं दिसत नाही. बंद केलं तं रडणं लय मोठं ऐकू येते. हे मधातलं हाय."

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत मयती फार निघाल्या, त्याही तरण्या माणसांच्या. जपान वाजलं की मी न बघताच शटर ओढू लागलो.

एका दुपारी ते वाजलं. मी शटर ओढून हात जोडले, पण रस्ता रिकामा होता. तो काउंटरवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून बसला होता.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"ऐका ना भाऊ... आठ दिस झाले, कोणीच नाही गेलं. म्हटलं, आज हे पुरं ऐकून घ्यावं."