उन्हात वाळत घातलेला कॅमेरा

आमचे वडील, आबा, पलटणीतून रिटायर होऊन आले तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकेत एक जुना, छोटा पण वजनदार कॅमेरा होता. बदली होताना कुणा साहेबानं दिलेला. "याला सेल लागत न्हाई, ह्यो उजेडावर चालतोय," असं त्यांनी आईला सांगितलं आणि आईनं ते फारच मनावर घेतलं. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, मिरच्या गच्चीवर वाळायला गेल्या की त्यांच्या शेजारी स्वच्छ फडक्यावर कॅमेराही जायचा, डोळा सूर्याकडे करून. आत्ता उजेड भरून घेतला की वर्षभर पुरेल, असं तिचं म्हणणं. आबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आक्कासाठी स्थळं बघायला लागले. आक्का माझी थोरली बहीण, रंगानं आबांवर गेलेली, म्हणजे काळी. सावळी, निमगोरी हे शब्द मध्यस्थांचे. आबांनी तिला परसातल्या भिंतीपाशी भर उन्हात बसवून फोटो काढला. इस्लामपूरचा स्टुडिओवाला जसं येईल तसं छापायचा. फोटो आला तर भिंत नाहीशी, साडीची नक्षी पुसलेली आणि मधोमध एक गोरीपान मुलगी.

"लय झ्याक आलाय," आई म्हणाली आणि त्याच्या प्रती काढायला सांगितल्या.

फोटो बघून पाहुणे यायचे. शिराळ्याचे आले, लोणंदचे आले, साताऱ्याहूनही आले. मी आईसारखी उजळ, म्हणून मला शेजारी पाठवून द्यायचे. तिथल्या खिडकीतून मला आमची ओसरी दिसायची. बाया आक्काकडे बघायच्या, मग हातातल्या फोटोकडे, मग एकमेकींकडे. "घरी जाऊन कळवतो," म्हणायच्या. काय कळवणार ते ओसरीवरच कळलेलं असायचं. एक बाई तर तो फोटो पोह्यांच्या बशीशेजारी उपडा ठेवून गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या आक्काचं नाक तर चांगलं सरळ होतं, आणि विघ्न आम्हीच ट्रंकेतून काढून दर उन्हाळ्यात ऊन पाजलेलं.

मला आईचा राग आला, त्या बायांचा आला, पण त्या कॅमेऱ्याचा सगळ्यात जास्त. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते. तो पिशवीत घालून नेला. स्टँडमागच्या दुरुस्तीवाल्यानं तो खिडकीशी धरला, भिंगाभोवतीच्या खरबरीत काचेवर बोट ठेवलं.

"ही काच उजेड मोजती. हिला आता उजेड कमीच दिसतोय, म्हणून कॅमेरा नको तेवढा आत घेतोय. उन्हात पडून हुता काय?"

"नवी बसवता येईल का?" मी विचारलं.

"नवी मिळत न्हाई. टाकून द्या," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडायला घेतलं.

टाकून द्यायला मी एवढा प्रवास केला नव्हता. कॅमेऱ्यावर एक कडं होतं, किती आकड्याचा रोल घातलाय ते सांगायचं; आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत. आमचं नेहमी शंभरावर. म्हटलं, काच कमी सांगते तर आपणही कॅमेऱ्याला खोटं सांगू. घरी येऊन एक रोल आमच्या म्हशीवर घालवला, दर फोटोला कडं थोडं पुढं सरकवत. शंभरावर म्हैस राखाडी आली. पुढं पुढं काळवंडत गेली आणि चारशेवर अगदी गोठ्यात दिसते तशी काळी आली. आबा पोट धरून हसले. आई हसली नाही.

मग चारशेवर आक्काचा फोटो काढला. भिंतीवरच्या गोवऱ्यांचे ठसे आले, साडीची बुट्टी आली, हनुवटीवरचं गोंदण आलं. आक्कानं तो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"ही मीच की गं," म्हणाली. इतका आनंद मला पुढं कुठल्या परीक्षेतही झाला नाही.

"ह्यो न्हाई पाठवायचा," आई म्हणाली. पण आबा माझ्या बाजूनं उभे राहिले. "जे हाय ते हाय," म्हणाले, आणि तोच फोटो सगळीकडं गेला.

त्यानंतर कुणी आलंच नाही. आधी निदान नकार तरी यायचे. दिवाळी झाली, ऊस कारखान्याला गेला, पाहुण्यांसाठी आणून ठेवलेले पोहे डब्यात खवट झाले आणि आईनं ते म्हशीला घातले. "धाकटीबी वाढाय लागली," असं ती, मी घरी आले की, मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायची. आक्काच्या कानावर ते रोज पडत होतं.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले. गच्चीवर कुरडया पडल्या होत्या. आक्का तीच साडी नेसून परसातल्या भिंतीपाशी बसलेली, मांडीवर कॅमेरा.

"काढ," म्हणाली.

मी तो घेतला. कडं शंभरावर होतं. चारशेकडं फिरवायला मी बोट लावलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मीच फिरवलंय." आणि पदर सारखा करून उन्हाकडं तोंड करून बसली.

मी फोटो काढला. रोल धुऊन यायच्या आधीच आईनं बाजारातून पोहे आणून ठेवले होते.