जोडव्याखालचं बोट

बायकोच्या उजव्या पायाचा अंगठा कित्येक वर्षं शेजारच्या बोटावर कलत चालला होता. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं होतं आणि दुसरं बोट आकड्यासारखं वाकलं होतं. त्याच बोटात जोडवं. आम्ही नांदेडला राहतो. लातूरला तिच्या भावाकडे गेलो होतो, तेव्हा त्यानेच आग्रहाने हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. ते अजून सरळ होत होतं. "पुढून रुंद चप्पल घाला, बोटांमध्ये मऊ गादी ठेवा, रोज बोट ताणा. पण हे जोडवं आधी कापून काढा. रुततंय ते. तुम्हाला शुगर आहे, जखम झाली तर अवघड होईल."

"हाव, काढा की," ती लगेच म्हणाली.

"इथं नको," मी म्हणालो. "नांदेडला आपल्या सोनाराकडं जाऊ."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ग्रहणात मुलांना मुद्दाम बिस्किटं खाऊ घालणारा मी, वडाला दोरा गुंडाळून आलेल्या बायकोची थट्टा करणाराही मीच. पण आदल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवली होती. सवाष्णीचं जोडवं कापायचं म्हटल्यावर मला माझंच मरण दिसायला लागलं. हे तिला सांगायची लाज वाटली. मग आज पेपर तपासायचेत, उद्या अर्धापूरला लग्न आहे, असं करत मी दिवस ढकलले. ती टाचेवर भार देऊन स्वयंपाक करायची.

एका सकाळी चादरीला डाग दिसला. जोडव्याच्या कडेने कातडी फाटून पू आला होता.

"आता तरी चला," ती म्हणाली. मी गाडीची किल्ली हातात घेऊन नुसताच उभा राहिलो.

"भेव वाटून राहिलं का तुम्हाला?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"अगं बाई! मला वाटलं, माझ्या पायाचा कंटाळा आला. मास्तर, तुमचा जीव काय माझ्या बोटात हाय का? आन् असला, तर सडून राहिला की तिथं!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

सोनाराकडे न जाता आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. नर्सने जोडवं कापलं तेव्हा मी बायकोचा घोटा धरून होतो.

जखम भरायला फार वेळ लागला. तोवर बोटाला हातही लावता येत नव्हता. पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी ते बोट हलवून पाहिलं. ताठ झालं होतं. आता ताणल्याने दुखणं थोडं कमी होईल, सरळ करायचं तर ऑपरेशनच, आणि तेही शुगर आटोक्यात आल्यावर, असं ते म्हणाले. उशीर का केला हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रोज संध्याकाळी ती टीव्ही बघत पाय माझ्या मांडीवर देते. मी बोट धरून ताणतो. ते सरळ होत नाही, आणि दर वेळी माझा हात जरा जास्तच जोर करतो.

"हळू हो," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणते, "बोट हाय ते, भेंडी न्हाई."