चारशेचा फरक

राजापेठेतले उत्तमराव म्हणजे संशयाचं माहेरघर. टरबूज कापून दाखवल्याशिवाय घ्यायचे नाहीत आणि दुधात बोट बुडवल्याशिवाय दूधवाल्याला सोडायचे नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचं बिनतारी संभाषण, हेच त्यांचं जग झालं. सेट घरीच बांधायचा आणि रोज सकाळी सातला त्यावरून वऱ्हाडातल्या हॅम मंडळींची हजेरी घ्यायची. सगळे त्यांच्या आवाजावर आपापला रेडिओ जुळवून घेत.

अकोल्याची चारुशीला तेवढी घेत नसे. तिच्या सेटची फ्रिक्वेन्सी एक स्वस्तातली चिप ठरवत असे.

"बाई, तुमी चारशे हर्ट्झ खाली सरकल्या. नकली चिप हाय ते," उत्तमरावांनी सगळ्यांदेखत सुनावलं.

"काका, एकदा तुमचा फ्रिक्वेन्सी मोजायचा मीटर तपासून बघा ना."

तीस वर्षं जपलेला मीटर! उत्तमराव असे भडकले, की तिनं हजेरीला येणंच सोडलं. त्याला आठ महिने झाले.

या आठवड्यात त्यांच्याच सेटमधली फ्रिक्वेन्सी ठरवणारी जुनी कॉइल गेली आणि तसलीच चिप घेण्याची पाळी त्यांच्यावर आली. कोणी गंडवू नये म्हणून त्यांनी तीन वेगवेगळ्या दुकानांतून तीन घेतल्या. भिंगातून पाहिल्या, थिनरच्या बोळ्यानं घासल्या. एकीवरचं नाव पुसलं गेलं तेव्हा नकली माल पकडल्याचा त्यांना चक्क आनंद झाला. मग मीटर लावला. पहिली चारशेनं कमी. दुसरी तेवढीच. तिसरीही.

"तिघंई चोर हायेत!" ते ओरडले.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तिघायनं सारखीच चोरी केली? काहून, सल्ला करून आले व्हते का?"

उत्तमराव मीटरकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत संशय घ्यायचा राहिला होता तो याच डब्यावर. त्यांना मनापासून लाज वाटली. मीटर चुकला याची नाही, त्या पोरीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं याची.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी नवी चिप मीटरला न विचारता लावली आणि हजेरी सुरू करण्याआधी घसा खाकरला.

"मंडळी, मी आज चारशे खाली आलो हावो. माहा मीटर चुकीचा व्हता. चारुशीलाबाई बरोबर व्हत्या. त्यायले कोनी निरोप देसान का?"

लगेच खरखरीतून चारुशीलाचा स्वच्छ आवाज आला.

"निरोप कशाला, काका? मी रोज ऐकते. फक्त बोलत नव्हते."