उठता उठता एकच वाक्य

वडील पिंपळवंडीत घोंगड्या विणतात. घरची मेंढरं कधीच विकली, माग तेवढा राहिला. यंदा ते म्हणाले, "श्रावणात घोंगडी खपली न्हाई तर माग मोडतो. सरपण तरी व्हईल." मला ते फार लागलं. पुण्याची नोकरी सोडून आलेला मी, लगेच वेबसाइट काढून बसलो.

पान उघडताच समोर एक चौकट यायची : 'थांबा! नंबर द्या, सूट मिळवा!' ऑनलाइन विक्रीच्या एका व्हिडिओत असंच शिकवलं होतं. लोक यायचे, चौकट बघायचे आणि जायचे. मी अक्षरं मोठी केली, मग लाल केली. एकदा वडिलांनी आपल्या फोनवर पान उघडलं. चौकट बंद करायची बारीक फुली त्यांच्या जाड बोटाला सापडेना. "आरं, मलाच माझी घोंगडी दिसंना राव," म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. मी चिडलो. खरं तर स्वतःवरच.

श्रावणात भीमाशंकरच्या रस्त्याला त्यांच्याबरोबर विकायला बसलो. गिऱ्हाईक आलं की वडील गप्प. त्याला घडी मोडू देतात, हात फिरवू देतात, वास घेऊ देतात. मी मध्ये तोंड घातलं तर माझ्या गुडघ्यावर चापट बसली. गिऱ्हाईक उठून चपला घालायला लागलं की मग एकच वाक्य : "पावणं, नवी हाय तवर टोचती. चिंचोक्याची खळ धुतली की लई मऊ पडती." बरेचजण चपला काढून परत बसायचे.

घरी येऊन मी चौकट बदलली. आता ती पान सोडून निघालेल्यालाच दिसते, तीही एकदाच, ठळक फुलीसकट. आत वडिलांचंच वाक्य, आणि खाली : 'काही विचारायचं असेल तर नंबर ठेवा. विणणारे स्वतः फोन करतील.'

चार दिवस काहीच नाही. श्रावण संपत आला. वडिलांनी मागाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. पाचव्या दिवशी एका बाईंचा नंबर आला. मी फोन लावला, स्पीकर चालू करून वडिलांच्या हाती दिला. बाईंना त्यांच्या आईसाठी घोंगडी हवी होती, पण टोचेल म्हणून घ्यायचं मन होत नव्हतं. त्या बोलत राहिल्या, वडील नुसते ऐकत राहिले. मी हातवारे करून थकलो. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, ठेवते मग."

"ताई, एक सांगतो," वडील म्हणाले. "आईला टोचाया नगं. मी धुवूनच धाडतो."

बाईंचा पत्ता लिहून घ्यायला फोन माझ्याकडे देऊन ते मागाशी गेले. सोडलेली दोरी उचलून म्हणाले, "ते टोक धर. ताणून."